एका पगारावर लेकरांसह परदेशी : मराठवाड्यातून निघणाऱ्या कुटुंबासाठी

परदेशातल्या पगाराला रुपयांनी गुणायची सवय आधी सोडा. वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या कंपनीतल्या पोराला जर्मनीतून महिना चार हजार युरोचं पत्र आलं की गावात 'चार लाख पगार' अशी हवा होते, आणि त्या चार लाखांवर भावकी, सोयरे आणि बँकेचा माणूस असे सगळेच हिशेब मांडू लागतात. हे चार हजार कापायच्या आधीचे असतात. कर आणि विमा जाऊन जे उरतं त्यातून घरभाडं द्यायचं, आणि त्यानंतर जे हातात राहतं तो तुमचा खरा पगार. घरात कमावणारा एक आणि खाणारे चार असतील तर या एकाच आकड्यावर देश निवडायचा.

आधी देश, मग कंपनी

एका कमाईच्या कुटुंबाला कुठला देश परवडतो हे पगारापेक्षा तिथल्या नियमांवर जास्त ठरतं. तीन उदाहरणं घेऊ.

जर्मनीत २०२५ साली ब्लू कार्डासाठी, म्हणजे शिकलेल्या परदेशी नोकरदारांच्या निवास परवान्यासाठी, वर्षाला किमान ४८,३०० युरो पगार लागत होता. आयटी, अभियांत्रिकी, आरोग्य अशा टंचाईच्या व्यवसायांसाठी ही मर्यादा सुमारे ४३,७६० होती. दर जानेवारीत ती बदलते. ४८,३०० म्हणजे महिन्याला ४,०२५. तिथे लग्न आणि जोडीदाराची कमाई बघून पगारावरच्या कराचे वर्ग ठरतात. बायको कमावत नसेल आणि कराचा तिसरा वर्ग मिळाला तर हातात साधारण २,९०० युरो येतात. एकट्या माणसाच्या पहिल्या वर्गात हेच २,६०० च्या आसपास राहतात. सरकारी आरोग्य विम्यात न कमावणारी बायको आणि लेकरं वेगळा हप्ता न भरता येतात. दर लेकरामागे बालभत्ता मिळतो, २०२५ मध्ये तो महिना २५५ युरो होता. सरकारी शाळेला फी नाही. ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेच्या परीक्षेची अट नाही, आणि तिथे पोचल्यापासून तिला नोकरी करता येते. एकट्या कमाईवर जाणाऱ्यांसाठी माझं पहिलं बोट जर्मनीकडे जातं ते यामुळे. थंडी आणि भाषा या दोन गोष्टी मात्र फुकट मिळत नाहीत.

दुबई-शारजाला आयकर नाही, विमान तीन-साडेतीन तासांचं, आजूबाजूला माणसं आपली. कुटुंब बोलवायला कायद्याने किमान ४,००० दिरहम पगार लागतो, किंवा ३,००० आणि राहायची सोय. पण ४,००० दिरहमांत व्हिसा मिळेल, घर चालणार नाही. तिथली सरकारी शाळा आपल्या लेकरांसाठी धरून चालू नका. सीबीएसईची खाजगी शाळा, तिची फी, बसचे पैसे वेगळे. दुबईत कुटुंबाचा आरोग्य विमा काढणं ही बोलावणाऱ्याची, म्हणजे तुमचीच, जबाबदारी असते. भाडं बऱ्याचदा वर्षभराचं, पुढच्या तारखांच्या चेकांनी आगाऊ द्यावं लागतं. एकट्याने खोलीत चौघांबरोबर राहून पैसे घरी पाठवायचे असतील तर आखात उत्तम. लेकरं शाळेच्या वयाची असतील तर ऑफर लेटरमध्ये घरभाडं, शाळेची फी आणि कुटुंबाचा विमा या तीन गोष्टी लिहून आल्या आहेत का ते बघा. तोंडी सांगितलेल्याला किंमत नाही.

ब्रिटनचा हिशेब ऐकून बरेच जण गप्प होतात. तिथे व्हिसाबरोबरच पूर्ण मुदतीचा आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो : मोठ्या माणसाला वर्षाला १,०३५ पौंड, लेकराला ७७६. नवरा-बायको आणि दोन लेकरं, तीन वर्षं : १०,८६६ पौंड. व्हिसाची फी आणखी तीन हजारांच्या वर. म्हणजे विमानात बसायच्या आधी पंधरा-सोळा लाख रुपये. कंपनी बऱ्याचदा फक्त कर्मचाऱ्याचे भरते. आणि केअर वर्करच्या, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची सेवा करणाऱ्याच्या, व्हिसावर ११ मार्च २०२४ पासून कुटुंब नेता येत नाही. जुलै २०२५ पासून तर बाहेरून नव्याने केअर वर्कर घेणंच बंद झालं. कोणी आज तुम्हाला 'केअर व्हिसा, फॅमिलीसकट' विकत असेल तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

एजंट

मध्यस्थ असेल तर तो परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का ते स्वतः बघा. त्याने दाखवलेल्या लॅमिनेट केलेल्या कागदावर जाऊ नका. नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. तीन लाख, पाच लाख मागणारा माणूस नोकरी विकतोय.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'देश सोडण्याआधी तपासणी आवश्यक' असा शेरा, असतं. अशांना आखातातल्या आणि इतर काही ठरावीक देशांत नोकरीला जाताना एमिग्रेशनची (देशाबाहेर जाण्याची) मंजुरी लागते, आणि तिच्याबरोबर प्रवासी भारतीय विमा योजना येते : दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५, संरक्षण १० लाखांचं. मंजुरी टाळायला 'टुरिस्ट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ' असं सांगतात. तसं गेलेल्या माणसाचा हा विमाही गेला आणि करारही गेला. त्यात लेकरं बरोबर असली तर काय होईल याचा विचार करा.

कागदं : इथेच वेळ जातो

नोकरी पक्की व्हायची वाट बघू नका. कागदांचं काम आजच सुरू करता येतं आणि त्याला फारसे पैसेही लागत नाहीत.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. घर संभाजीनगरला, लेकराचा जन्म अंबाजोगाईला किंवा वसमतला. जन्माचा दाखला जन्म झाला त्या ठिकाणच्या नगर परिषदेतून किंवा ग्रामपंचायतीतून मिळतो. बऱ्याच दाखल्यांवर लेकराचं नावच नसतं, कारण नोंद बारशाच्या आधी झालेली असते. नाव नंतर घालता येतं, त्याला पंधरा वर्षांची मुदत आहे. दाखल्यावर आईचं नाव माहेरचं आहे की सासरचं, इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टशी अक्षर न अक्षर जुळतं का, हे तिथेच खिडकीवर उभं राहून वाचा. १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या लेकरांच्या पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त हाच दाखला चालतो.

लग्न मंगल कार्यालयात पाच हजार माणसांसमोर लागलं असलं तरी दूतावासाला पत्रिका आणि अल्बम चालत नाही. ग्रामपंचायत, नगर परिषद किंवा महापालिकेतल्या विवाह निबंधकाकडून नोंदणीचा दाखला घ्या. हाताने भरलेला, शाई पसरलेला दाखला असेल तर स्वच्छ प्रत मागा.

आता नावांचा गुंता. विद्यापीठाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, आधारवर वडिलांचं नाव कधी आहे तर कधी नाही. बायकोची पदवी माहेरच्या नावाने, पॅन सासरच्या. परदेशातला अधिकारी ही सगळी वेगवेगळी माणसं समजतो. माझं मत असं, की बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर केवळ परदेशासाठी तो बदलू नका. विवाह दाखला दोन्ही नावं जोडून देतो. फरक फक्त स्पेलिंगचा असेल तर ते मात्र एक करून घ्या. जिथे बदलणं शक्य नाही तिथे एकाच व्यक्तीची ही दोन्ही नावं असल्याचं शपथपत्र करून ठेवा.

लेकरांचे पासपोर्ट बापाने निघायच्या आधी काढा. फॉर्मवर दोघांच्या सह्या असल्या की काम सोपं. बाप परदेशी गेल्यावर तेच प्रतिज्ञापत्र दूतावासातून करून मागवावं लागतं. लहान मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, फी १,००० रुपये. जिल्ह्याच्या पोस्टातल्या पासपोर्ट सेवा केंद्रात हे काम होतं, त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

पुढचं पाऊल म्हणजे कागदांवर परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. हेग करारातल्या, म्हणजे एकमेकांचा सरकारी शिक्का मानणाऱ्या, बहुतेक देशांसाठी अपोस्टील नावाचा शिक्का, तर यूएईसाठी मंत्रालयाचं अटेस्टेशन आणि वर त्यांच्या दूतावासाचं. अपोस्टीलचं सरकारी शुल्क कागदामागे ५० रुपये आहे. वर थोडा सेवा आकार लागतो. बाकी जे हजारो मागितले जातात ती मधल्या माणसाची धावपळ. कुठल्या कागदाला काय लागतं हे त्या त्या दूतावासाच्या यादीतून घ्या, कारण प्रत्येकाची यादी वेगळी असते. जर्मनीला जाणाऱ्यांनी आपलं विद्यापीठ आणि पदवी 'अनाबिन' या त्यांच्या संकेतस्थळावर शोधावी. पदवी तिथे सापडली नाही तर तुलना प्रमाणपत्र काढावं लागतं, त्याला २०८ युरो आणि वाट बघायची तयारी लागते.

लसीकरणाचं कार्ड विसरू नका. आंगणवाडीतलं पिवळं पडलेलं कार्ड असेल तर डॉक्टरांकडून तारखांसकट इंग्रजीत उतरवून सही-शिक्का घ्या. जर्मनीत गोवरच्या लसीचा पुरावा नसेल तर लेकराला पाळणाघरात घेत नाहीत.

पैसा किती आणि कुठून

जर्मनीतल्या मध्यम शहरात चौघांनी एकदम जायचं ठरवलं तर पहिल्या महिन्याचा माझा अंदाज असा : तात्पुरत्या घराला १,२०० युरो, पक्क्या घराची अनामत २,२५०, पहिलं भाडं १,०००, जुन्या बाजारातून गाद्या-भांडी-फर्निचर १,५००, किराणा-बसपास-किरकोळ १,०००. झाले सात हजार युरो, म्हणजे सात लाखांच्या आसपास. विमानाची तिकिटं आणि कागदं-व्हिसा धरले की दहा लाख. म्युनिक-फ्रँकफर्ट असेल तर आणखी.

हे दहा लाख घरात नसतात, आणि मग डोळा जमिनीवर जातो. जमीन विकू नका. भावनेचा प्रश्न बाजूला ठेवा, इथे कायदाच आडवा येतो. अनिवासी भारतीय झाल्यावर शेतजमीन विकत घेता येत नाही. आहे ती ठेवता येते, वारशाने आलेली घेता येते, पण एकदा विकलेला एकर परत घ्यायचा रस्ता बंद. शेकडा तीन रुपये महिन्याने काढलेले पाच लाख म्हणजे महिना १५,००० नुसतं व्याज. त्यापेक्षा बँकेत सोनं गहाण ठेवलेलं बरं.

खरा तोडगा दुसराच आहे : एकदम जाऊ नका.

बाप आधी, लेकरं चार-पाच महिन्यांनी

एकटा माणूस खोली भाड्याने घेऊन ५०० मध्ये राहतो, ५०० मध्ये खातो-फिरतो. पहिल्या वर्गाचे २,६०० हातात येत असतील तर महिन्याला दीड हजार मागे पडतात. चार महिन्यांत सहा हजार. म्हणजे कुटुंबाच्या घराचा जवळजवळ सगळा खर्च तिथल्याच पगारातून निघतो, आणि इथून निघताना तीन-साडेतीन लाख पुरतात. शिवाय नोकरीची परीक्षाही होते. आधीचे सहा महिने प्रोबेशनचे. तिथलं काही बिनसलं तर एकटा माणूस परत येऊ शकतो, घर मोडून गेलेलं कुटुंब येऊ शकत नाही.

यात बायकोवर सगळा भार पडतो हे मान्य करूनच ठरवा. तिला या काळात लेकरांसह माहेरी पाठवायचं की सासरी, हा निर्णय तिचा. तिच्या नावाचं बँक खातं, तिच्या हातातलं एटीएम, आणि महिन्याच्या ठरलेल्या तारखेला जमा होणारे पैसे, एवढं झाल्याशिवाय निघू नका. तिच्यासाठी हे महिने भाषेचेही आहेत. व्हिसाला परीक्षा लागत नसली तरी लेकराच्या डॉक्टरांशी बोलायला ए-१ (भाषेची पहिली पातळी) तरी हवंच, आणि पुढे दुसरी कमाई सुरू व्हायची तर ती या भाषेतूनच होणार. नर्सिंग किंवा डी.फार्म. झालेल्या बाईने आपल्या शिक्षणाच्या मान्यतेचं काम इथूनच सुरू करावं.

निघायची तारीख दोन गोष्टी बघून ठरवा. एक, आयकर. नोकरीसाठी बाहेर जाणारा भारतीय नागरिक आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिला तर त्या वर्षापुरता अनिवासी ठरतो. म्हणजे सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्याआधी गेलात तर त्या वर्षीच्या तिकडच्या पगारावर इथे कर नाही. त्यानंतर गेलात तर तो पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो आणि दुहेरी कराची सवलत मागत बसावं लागतं. दोन, शाळा. आपलं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, जर्मनीचं ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, दुबईतल्या सीबीएसई शाळांचं एप्रिलमध्ये. लेकराचा शाळा सोडल्याचा दाखला निघायच्या महिनाभर आधी मागा.

मागे राहणारं घर

सातबारावर नाव असेल तर ई-पीक पाहणी, पीकविमा, मोजणी यासाठी इथे कोणीतरी लागणार. कुलमुखत्यारपत्र इथे असतानाच दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवून द्या, आणि त्यात कामं मोजून लिहा. विक्रीचा किंवा गहाण ठेवायचा अधिकार देऊ नका, सख्खा भाऊ असला तरी. उलट लिहूनच दिलं की भावाभावांत बोलणं राहतं. राहून गेलं तर परदेशातल्या भारतीय दूतावासात करता येतं, पण तो कागद भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक शुल्क भरावं लागतं.

अनिवासी झालात की पीएम-किसानचे हप्ते घेता येत नाहीत, आपणहून सोडा. लाडकी बहीण योजनेलाही महाराष्ट्रात राहण्याची अट आहे. साधं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं इथल्या उत्पन्नाचं खातं) करून घ्या आणि तिकडून पाठवलेल्या पैशांसाठी एनआरई उघडा, त्यावरच्या व्याजाला इथे कर लागत नाही. चालू पीपीएफ मुदतीपर्यंत चालवता येतं, नवं उघडता येत नाही.

आई-वडील सत्तरीच्या पुढचे असतील तर आयुष्मान कार्ड निघायच्या आधी काढून द्या. ऑक्टोबर २०२४ पासून या वयाच्या सगळ्यांना उत्पन्नाची अट न लावता वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार मिळतात. जिल्ह्यातलं कुठलं हॉस्पिटल यात आहे ते एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा.

आणि मोबाइल नंबर! आधार, बँक, आयकर, सगळ्यांचा ओटीपी त्या एका नंबरवर येतो. परदेशात ओटीपी येईल असं रोमिंग सुरू करून घ्या, आणि स्वस्तातला रिचार्ज कधी संपतो ते कॅलेंडरात मांडा. नंबर बंद पडला तर तो सुरू करायला पुन्हा इथे यावं लागतं.

सामान आणि प्रवास

चिकलठाण्याच्या विमानतळाहून मुंबई गाठावी लागते. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पुरता खुला झाल्यापासून जालना-संभाजीनगरकरांचा रस्ता सोपा झाला. नांदेड, देगलूर, उदगीरकडच्यांनी मात्र हैदराबादचं तिकीट आधी बघावं. दोन वर्षांखालच्या लेकराचं तिकीट साधारण मोठ्याच्या दहा टक्के पडतं, मांडीवर घेऊन बसायचं असतं. आई एकटी लेकरांना घेऊन जात असेल तर बापाचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ ठेवा. रोख परकीय चलन माणशी ३,००० डॉलरइतकंच नेता येतं, बाकी फॉरेक्स कार्डावर.

आता सासूबाईंचा डबा. यूएईत खसखशीवर बंदी आहे, म्हणजे अनारसे आणि खसखस घातलेला मसाला घरीच ठेवायचा. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे : तूप, खवा, पेढे विमानतळावर काढून घेतात. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीला सूट आहे. काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, ज्वारीचं पीठ यांना कोणी हात लावत नाही. कोडीन किंवा ट्रामाडॉल असलेली औषधं दुबईला परवानगीशिवाय नेऊ नका, साधं खोकल्याचं सिरपही वाचून घ्या.

पोचल्यावर

जर्मनीत घर घेताना दोन गोष्टी कायद्याने तुमच्या बाजूच्या आहेत. अनामत तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ती तीन मासिक हप्त्यांत द्यायचा तुम्हाला हक्क आहे. एका पगाराच्या घराला हे मोठं आहे, मालक आपणहून सांगत नाही. घर बघताना स्वयंपाकघरात काय आहे ते विचारा. बऱ्याच घरांत ओटा-शेगडीसुद्धा नसते, फक्त नळाची जोडणी.

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगर कार्यालयात पत्त्याची नोंद करायची. त्यासाठी घरमालकाचं सही केलेलं पत्र लागतं. कुटुंब येऊन त्यांची नोंद झाली की कर कार्यालय तुम्हा दोघांना आपोआप चौथ्या वर्गात टाकतं. तिसरा-पाचवा वर्ग अर्ज करून मागावा लागतो. तो केला नाही तर पैसे बुडत नाहीत, वर्षाच्या विवरणात परत येतात, पण दर महिन्याला हात आखडतो. बालभत्त्याचा अर्जही लगेच टाका, कारण मागचे जास्तीत जास्त सहा महिनेच मिळतात. आरोग्य विम्याला बायको-लेकरांची नावं कळवा. घरटी १८.३६ युरो मासिक प्रसारण शुल्काचं पत्र येईल, ते फसवणूक समजून फेकू नका. भारतीय वाहन परवाना सहा महिने चालतो, त्यानंतर लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा. ती महाग असते, म्हणून बस चांगली आहे त्या भागात घर घ्या.

घरी किती पाठवायचं हेही पहिल्याच पगाराला ठरवा आणि वडिलांना आकडा सांगून टाका. चौघांचं भाडं-किराणा जाऊन पहिल्या वर्षी महिन्याला ३००-४०० युरो मागे पडले तरी बरं चाललंय असं समजा. त्यातले निम्मे बाजूला ठेवा, नोकरी गेली तर तीन महिन्यांचं भाडं निघेल इतके होईपर्यंत. ब्लू कार्डवाल्याला बी-१ (मधल्या पातळीची) भाषा असेल तर २१ महिन्यांत कायमचा निवास मिळतो, ए-१ वर २७ महिन्यांत. तोवर गावाकडे प्लॉटचा टोकन देऊ नका.